गड राहिला, गाव गेलं

मंडळी, पोस्ट लांब आहे. घाई असेल तर रात्री वाचा, पण वाचा.

देवगिरीला जाणारा जवळपास प्रत्येक माणूस एकच काम करतो. तिकीट काढतो, चांदमिनारापाशी फोटो काढतो, मेंढा तोफेवर हात फिरवतो, अंधारीत शिरला की उगाच आरडाओरडा करतो, धापा टाकत बारादरीपर्यंत जातो, खाली येऊन सीताफळं नाहीतर पेरू घेतो आणि गाडीत बसतो. झाला किल्ला. गेल्या महिन्यात आम्ही जालन्याहून आठ जण गेलो होतो, त्यातल्या सात जणांनी हेच केलं. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण माझं म्हणणं असं, की त्यांनी गड बघितला आणि ज्याच्यासाठी तो गड होता ते गाव बघितलंच नाही. ते गाव तर त्यांच्या पायाखालीच होतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. देवगिरी परका नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके होते, म्हणजे देवगिरी आपल्याच जिल्ह्याचा किल्ला होता. आजही जालन्याच्या स्टेशनावरून मनमाडकडे निघालेली गाडी दौलताबाद स्टेशनावरूनच पुढं जाते. आणि आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाचे लखुजीराव जाधव, जिजाऊंचे वडील, यांना १६२९ साली याच किल्ल्यात निजामशहाने दगा दिला. मुलं आणि नातू यांच्यासह भर दरबारात कापून काढलं. जाधव घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचं वंशज सांगायचं. म्हणजे ज्या गडावर पूर्वजांनी राज्य केलं म्हणायचं, त्याच गडावर मरण आलं. दरवर्षी १२ जानेवारीला जालन्यातून हजारो लोक सिंदखेडराजाला जातात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे, कुणास ठाऊक.

आता गावाकडे येतो.

देवगिरीला तटाचे तीन वेढे आहेत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, मधला महाकोट, आणि डोंगराच्या पायथ्याशी काळाकोट. पुढं खंदक, मग ताशीव कडा. कडा तासून इतका सरळ केलाय की घोरपडसुद्धा विचार करील. लोक कडा बघतात आणि 'काय डोकं असेल!' म्हणतात. ते खरंच आहे. पण कडा आणि खंदक हे राजाला वाचवायला. महाकोटाच्या आत आणि अंबरकोटाच्या आत जी मोकळी जागा दिसते, जिथं आज गवत, बोरी-बाभळी आणि लोकांची शेतं आहेत, तिथं माणसं राहायची. पुरातत्त्व खात्यानं महाकोटात जागा साफ करून, खोदून जे उघडं केलंय त्यात मोठे रस्ते आहेत, त्यांना फुटलेल्या गल्ल्या आहेत, घरांची जोती आहेत. तिकीटखिडकीकडून वर जाताना नजर सरळ चांदमिनारावर जाते, म्हणून बाजूच्या या गल्ल्या दिसतच नाहीत. मी मुद्दाम तिकडे वळलो. अर्धा तास फिरलो. एक माणूस भेटला नाही. दोन बकऱ्या भेटल्या.

जोती बघायला काय जायचं, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. जोत्याला फोटोत काही दिसत नाही. पण थोडं थांबलं की दिसायला लागतं. एका उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलाय. ती झीज राजाच्या पायाची नाही. पाणी भरणाऱ्या, भाजी आणणाऱ्या, अंगणात पडून गुडघे फोडून घेणाऱ्या लोकांच्या पायांची आहे. सांडपाण्याची नाली घरातून निघून गल्लीत येते आणि गल्लीतून पुढं जाते. जालन्यात आज किती गल्ल्यांना असा धड उतार आहे, हे मला विचारू नका. पावसाळ्यात या आणि बघा.

या गावाची माहिती अगदीच नाही असं नाही. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास इथं राजधानी केली. त्या काळच्या मराठीत देवगिरीला 'कटक' म्हणायचे, म्हणजे लष्कराचा तळ, राजाची छावणी. महानुभावांच्या लीळाचरित्रातही ते नाव येतं. पुढं १३४०च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथं आला. तो लिहितो की या शहराचे तीन भाग आहेत. एक सुलतानाचं आणि फौजेचं दौलताबाद, दुसरं कटक, आणि तिसरा देवगीर हा किल्ला. म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली, राज्य दोनदा बदललं, नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडात जुनं कटक तसंच होतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा मोठा बाजार होता, त्याच्या मधोमध घुमटाखाली गाणाऱ्यांचा म्होरक्या दर गुरुवारी बसायचा, हेही तो लिहितो. किल्ल्याच्या तळघरात मांजराहून मोठे उंदीर आहेत आणि कैद्यांना तिथं टाकतात, हे ऐकलेलंही लिहितो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात, वर्षातून दोनदा पिकतात, असं तो नोंदवतो. सातशे वर्षांपूर्वी! आमच्या कडवंचीच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग आम्ही नवीन काय केलं? केलं ना, पाणी अडवलं. त्याच्यावर पुढं येतो.

मग एवढं शहर गेलं कुठं?

शाळेत आपल्याला एक उत्तर पाठ करून घेतलंय. वेडा महंमद. त्यानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथं आणली, लोकांना हाकलत आणलं, मग लहर फिरली आणि परत नेलं. दिल्लीतला आंधळा माणूस फरफटत आणला आणि पोचला तेव्हा फक्त पाय उरला होता, ही गोष्ट इब्न बतूताचीच. पण तो हिंदुस्थानात आला तोच मुळी हे सगळं होऊन गेल्यावर काही वर्षांनी, तेव्हा ती ऐकीव आहे. हालअपेष्टा झाल्याच. इसामी नावाचा कवी लहानपणी त्या काफिल्यातून इथं आला, त्याचे आजोबा वाटेतच गेले, तो राग त्याच्या ग्रंथात उतरलाय. पण अख्खी दिल्ली रिकामी झाली, हे बरेच इतिहासकार मानत नाहीत. सरदार, अंमलदार, मौलवी, सुफी आणि त्यांचा गोतावळा आला. त्यातले सगळे परत गेलेही नाहीत. खुलताबादच्या दर्ग्यांत त्यांच्यातले लोक निजलेत. आणि त्यांच्या उत्तरेकडच्या बोलीत आपली मराठी मिसळून जी दखनी झाली, ती जुन्या जालन्याच्या बाजारात अजून ऐकू येते. 'नक्को' म्हणणारा माणूस मराठी 'नको'च म्हणत असतो, फक्त जोर देऊन.

सांगायचा मुद्दा हा, की तुघलकाने शहर ओसाड केलं नाही. त्याच्यानंतरही ते तीनशे वर्षं जगलं. १३४७ मध्ये बहमनी राज्य इथंच जन्मलं, हसन गंगूने इथं तख्तावर बसून मग राजधानी गुलबर्ग्याला नेली. सत्ता एकदा हलली. चांदमिनार त्याच्यानंतरचा, बहमन्यांचा, म्हणजे राजधानी नसतानाही शहराला मान होता. १४९९ मध्ये निजामशाहीकडे आलं. एकनाथ महाराज पैठणहून इथं आले ते जनार्दनस्वामींकडे. स्वामी निजामशाहीच्या चाकरीत, परंपरेनं देवगडचे किल्लेदार. रात्रभर हिशेब तपासून एका पैची चूक सापडल्यावर नाथांनी टाळी वाजवली, ही कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलीय. ती घडली ती याच गावात. हिशेबाच्या वह्या होत्या म्हणजे बाजार होता, जकात होती, माणसं होती.

मग आला मलिक अंबर. अंबरकोट त्याच्याच नावाचा. निजामशाही त्यानं पाठीवर तोलून धरली, मुघलांना हैराण केलं. पण त्यानंच १६१० च्या सुमारास पलीकडे खडकी वसवली आणि तिथं नहर खोदून डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणलं. १६३३ मध्ये मुघलांनी दौलताबाद घेतलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि त्यानं आपलं ठाणं खडकीला नेलं, तेच औरंगाबाद. झालं. कचेरी गेली, कचेरीमागं बाजार गेला, बाजारामागं कारागीर गेला. किल्ला राहिला तो तुरुंग म्हणून. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा तानाशहा १६८७ नंतर इथल्या चिनी महालात कैदेत पडला, तो मरेपर्यंत.

कुणी हल्ला करून हे गाव जाळलं नाही. कुणी फर्मान काढलं नाही. पंधरा किलोमीटरवर नवं गाव उभं राहिलं, तिथं रस्ता चांगला, पाणी चांगलं, साहेब तिथं बसायला लागला, म्हणून हे गाव पेंगत पेंगत मेलं. लढाईत पडलेल्या शहरावर पोवाडा होतो. पेंगून मेलेल्यावर होत नाही. म्हणून आपण तुघलकाला धरून बसतो. एका वेड्या माणसावर सगळं ढकललं की आपल्याला विचार करावा लागत नाही.

विचार करावा लागतो तो हत्ती हौदापाशी. चांदमिनारासमोर जरा पुढं गेलं की हा हौद आहे. सुमारे ३८ मीटर लांब, तितकाच रुंद, साडेसहा मीटरच्या आसपास खोल. हिशेब करा, जवळजवळ एक कोटी लिटर पाणी. हे पाणी बाहेरच्या डोंगरात तलाव बांधून, खापरी नळांतून आणलेलं. मोटर नाही, वीजबिल नाही, उताराचा हिशेब तेवढा. आमच्यातला एक जण नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याची कामं घेतो, तो हौदाच्या काठावर बराच वेळ काही न बोलता उभा होता. मग म्हणाला, "यांचं लेव्हलिंग बघ." तेवढंच. पण आख्ख्या दिवसातलं त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच.

आता जालन्यात या. 'जालना सोने का पालना' म्हणायची आपल्याला हौस. त्या पाळण्याला पाणी कुणी पाजलं? मलिक अंबरच्याच काळात इथला अधिकारी जमशेदखान याने मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांना पाणी दिलं. तीच तऱ्हा, तेच डोकं. पुढं निजामाच्या राज्यात घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचंही पाणी उतारानं शहरात यायचं. आज आपण जायकवाडीहून पाणी उपसून आणतो, विजेचं बिल थकलं की नळ थांबतो, आणि पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट बघायची सवय आपल्याला इतकी झालीय की पाहुणा आला तर त्यालाही आपण ती अभिमानानं सांगतो. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. मोसंबीच्या बागा लोकांनी स्वतःच्या हातानं तोडल्या. त्याच दुष्काळात कडवंची तगली, कारण खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं गावानं आधीच पाणलोटाची कामं केली होती, पुढं शेततळी झाली. म्हणजे अक्कल जिल्ह्यात आहे. शहरात यायला तिला रस्ता सापडत नाही, एवढंच.

मी काही जालना उद्या ओसाड पडेल असं म्हणत नाही. पण आपली चांगली शिकलेली पोरं पुण्याला जातात, डॉक्टर संभाजीनगरला दुकान थाटतो, समृद्धीमुळं आता तिकडं तासाभरात जाता येतं म्हणून आपण खूश आहोत. रस्ता दोन्हीकडे जातो, हे मात्र लक्षात ठेवा. खडकीला जाणारा रस्ताही असाच चांगला झाला असणार.

हे झालं एक. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच ही पोस्ट लिहितोय.

अंबरकोटाच्या आत शेताच्या बांधावर एक मावशी सीताफळं घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलं, नांगरताना काही निघतं का? म्हणाल्या, "निघतं की. विटा निघतात, खापरं निघतात. आमचे सासरे म्हणायचे, आपण गावावर पेरतो." गावावर पेरतो! एवढ्या मोठ्या किल्ल्यावर एवढे फलक आहेत, पण हे वाक्य एकावरही नाही.

आपल्याकडे प्रत्येक गावाला काळी असते आणि पांढर असते. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं राहिली, मातीची घरं पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख, जनावरांचं शेण, हाडं, खापरं सगळं साठत गेलं की माती पांढुरकी होते आणि टेकाड तयार होतं. गावाची गढी बहुतेक याच टेकाडावर असते. मराठवाड्यात असं टेकाड नसलेलं जुनं गाव शोधावं लागेल. गड दगडाचा असतो, तो टिकतो. पांढर मातीची असते, ती उचलून नेता येते. आणि आपण ती उचलून नेतोय.

आधी बैलगाडीनं नेत होते. धाब्याच्या घरावर टाकायला पांढरी माती लागायची, दोन-चार गाड्या जायच्या, टेकाडाला कळायचंही नाही. आता जेसीबी येतो. पांढरी माती शेताला चांगली, म्हणून ट्रॉलीच्या ट्रॉली जातात. दोन वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात मी डोळ्यांनी बघितलं. निम्मं टेकाड उभं कापलेलं, केक कापावा तसं. त्या कापात थर दिसत होते, राखेचा काळा, विटकरी, पुन्हा पांढरा. खाली शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पडलेले, लाल चकचकीत खापरं, एक दगडी मणी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "भाऊ, गावठाण आहे, कोणाच्या बापाचं नाही." त्याचंही काही खोटं नाही. कोणाच्या बापाचं नाही म्हणून तर ते चाललंय. एका कार्यालयात गेलो, तोंडी चालत नाही म्हणाले. लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. टेकाड आता संपलं, तिथं व्हॉलीबॉलचं मैदान आहे.

त्यात काय एवढं, असं म्हणाल तर भोकरदनची गोष्ट सांगतो. केळना नदीच्या काठचं आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत 'भोगवर्धनचा' म्हणून लोकांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याचा माणूस मध्य प्रदेशात जाऊन देणगी देतो आणि गावाचं नाव कोरून घेतो, आजच्या वर्गणीच्या फलकासारखंच. १९७३ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहनांची नाणी निघाली, मणी, शंखाच्या बांगड्या निघाल्या. आणि हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा निघाली. आता गंमत बघा. इटलीत पाँपेई नावाचं शहर आहे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं. तिथं १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनची मूर्ती तिच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की पाँपेईची मूर्ती इकडच्याच भागात घडली असावी असं अभ्यासक मांडतात. जगभरातले लोक ती मूर्ती बघायला रांग लावतात. आणि तिच्या बहिणीचं माहेर असलेल्या भोकरदनला आपण कशासाठी ओळखतो? निवडणुकीसाठी.

हे सगळं कुठून निघालं? मोठ्या राजवाड्यातून नाही, पांढरीतून. जेसीबी पन्नास वर्षं आधी आला असता तर ती मूर्ती कुणाच्या तरी कपाशीच्या शेतात तुकडे होऊन पडली असती.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर तुम्हीच मला धराल. संरक्षित स्मारक झालं की गावाचा जीव जातो, ही तक्रार खरी आहे. राष्ट्रीय स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं आणखी दोनशे मीटर परवानगीशिवाय काही नाही. ज्याचं घर त्या शंभर मीटरात आहे, त्याच्या पोराचं लग्न ठरलं आणि वर एक खोली टाकायची असेल तर त्यानं काय करायचं? दिल्लीकडे तोंड करून बसायचं? म्हणून गावात पुरातत्त्व खात्याची गाडी आली की लोक सापडलेली मूर्तीसुद्धा लपवतात. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा तर असा, की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! इंग्रजांनी ठरवलेली रक्कम. आज दहा रुपयांत कटिंग चहा येतो. कळवलं तर पोलीस चौकशीला बसवतात, न कळवलं तर मांत्रिक येतो आणि अमावस्येला गढीत खड्डा पाडतो. दोन्हीत गढीचंच नुकसान.

म्हणून प्रत्येक टेकाडाला तारेचं कुंपण घाला, असं मी म्हणत नाही. कुंपण घातलं की लोकांना ते सरकारचं वाटतं आणि सरकारचं म्हटलं की त्याचं वाटोळं करायला आपण मोकळे. देवगिरीवर एवढा पहारा, एवढं तिकीट, तरी एप्रिल २०२५ मध्ये गवत पेटलं आणि आग वरपर्यंत गेली. बंब डोंगर चढत नाही. खालच्या गावातली माणसं ज्या दिवशी 'आपला गड पेटला' म्हणून झोडपायला फांद्या घेऊन धावतील, त्या दिवशी ती आग विझेल.

पण नुसतं नाव बदललं की वारसा जपला, असंही नाही. दौलताबादचं देवगिरी करायची घोषणा २०२२ मध्ये झाली. मला त्यात काही वावगं वाटत नाही, आम्ही घरात देवगिरीच म्हणतो. मात्र महाकोटातल्या गल्ल्यांत दिशा दाखवणारी एक पाटी लावायला घोषणा लागत नाही. तसंच तिथल्या भारतमाता मंदिराचं. देवळांचे खांब वापरून खिलजीच्या काळात मशीद झाली, १९४८ नंतर तिथं भारतमाता बसली. त्याच्यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस जुंपली होती. भांडणाऱ्यांपैकी चौघांच्या स्वतःच्या गावातली वीरगळ मुतारीच्या भिंतीला लावलेली आहे, मी त्यांच्या गावांना गेलोय म्हणून सांगतो. २०२२ मध्ये जांबसमर्थच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला, मूर्ती परत मिळाल्या तेव्हा गुलाल उधळला. ते योग्यच झालं. पण ज्या मूर्तीला नाव नाही, जी लिंबाखाली पाठ वर करून पडलीय, ती गेली तर कळणारही नाही. तिची यादीच कुठं नाही.

यादी. माझी मागणी फक्त एवढीच आहे. अंबड तालुक्यातल्या रोहिलागडापासून जालन्यातल्या मस्तगडापर्यंत नावं असलेल्या जागा चार लोकांना माहीत आहेत, त्यांचं कुणी ना कुणी बोलतं. मी बोलतोय ते बिननावाच्या पांढरींबद्दल. प्रत्येक गावचा तलाठी, ग्रामसेवक आणि शाळेचा एक शिक्षक, तिघांनी मिळून एक दिवस फिरायचं. टेकाड कुठं, किती उंच, गढी कुणाच्या ताब्यात, वीरगळ किती, जुनी बारव कुठं. मोबाईलवर फोटो, जागेचं लोकेशन, एक पान माहिती. खर्च शून्य. ते पान ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. आणि पांढरीतली माती न्यायची असेल तर मुरमासारखीच परवानगी. समृद्धीच्या भरावाला आपल्या जिल्ह्यातल्या टेकड्या कशा गेल्या ते आपण बघितलंय. त्यात पांढरी किती गेल्या याचा हिशेब आता कुणी देऊ शकणार नाही.

काही सरपंच मला म्हणतील, पत्रकार, तुला काम नाही. गावात पाण्याचा टँकर नाही आणि तू खापरं मोजायला सांगतोस. बरं. पण टँकर मागायला जाल तेव्हा गावातल्या जुन्या बारवेत गाळ किती आहे तेही विचारतीलच. यादी करताना बारव सापडेल, गाळ काढता येईल. आमच्याकडे असं घडलंय, गाळ काढला आणि पाणी लागलं.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत 'ऐनवेळचे विषय' असतो, त्याच्यात हा घ्या: गावची पांढर, गढी, बारव आणि वीरगळ यांची नोंद करणे व पांढरीतली माती उचलण्यास मनाई करणे. ठराव झाला की प्रत मला पाठवा. ज्या गावांचा येईल त्या गावांची नावं पेपरात छापतो, पहिल्या गावाच्या टेकाडाचा फोटो काढायला मी स्वतः येतो. चहा तुमचा.